धोक्याची घंटा कोणाच्या हाताशी?

बँकेच्या रोखपालाच्या पायाशी एक कळ असते. काउंटरच्या फळीखाली, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने ती बसवलेली असते. शाखेतील ज्या असंख्य वह्या आम्हां अधिकाऱ्यांना नियमाने लिहाव्या लागत, त्यांत या कळीच्या चाचणीचीही एक वही असे. ठरलेल्या दिवशी कळ दाबायची, भोंगा वाजल्याची नोंद करायची, खाली सही. माझ्या संपूर्ण सेवाकाळात चाचणीखेरीज ती कळ कोणी दाबल्याचे मी पाहिले नाही. पण तिच्यावरील खर्चाविषयी कधी कोणी हरकतही घेतली नाही. रक्कम लोकांची होती, आणि ती सांभाळणारा माणूस एकटा बसत असे, एवढे कारण पुरेसे होते.

आता एखाद्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचा रात्री दोन वाजताचा कक्ष डोळ्यांपुढे आणावा. खाटांवर नि खाटांखाली मिळून चाळीस-पन्नास रुग्ण, एक किंवा दोन परिचारिका, सलग दुसऱ्या दिवशी कामावर असलेला एखादा निवासी डॉक्टर. आणि नुकताच जीव गमावलेल्या रुग्णाचे आठ-दहा नातेवाईक दारात. त्या परिचारिकेच्या हाताशी काय असते? बहुतेक ठिकाणी टेबलावरचा एक टेलिफोन, आणि तो उचलू दिला तर.

व्यापारी घरांतील जी मुले-मुली एके काळी गादीवर बसली असती, त्यांतील कितीतरी आज वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. दुसरीकडे, आपल्यापैकी अनेकजण धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत आणि सुरक्षेच्या यंत्रणांची दरपत्रके त्यांच्यासमोर मंजुरीसाठी येतात. म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतील ८ ते ३८ टक्के कर्मचाऱ्यांना कारकिर्दीत केव्हा ना केव्हा शारीरिक हिंसा सोसावी लागते. शिवीगाळ आणि धमक्या यांत धरलेल्या नाहीत.

यंत्र विकत घेण्यापूर्वी धोका कोणता, हे पाहावे लागते. येथे तीन घटना आठवाव्यात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तळघरातील एका एकांत जागी हल्ला झाला. हल्लेखोर त्याच रुग्णालयातील सफाई कर्मचारी होता. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या सुमारे ४२ वर्षे, १८ मे २०१५ पर्यंत, त्याच रुग्णालयाच्या खाटेवर होत्या. सहकारी परिचारिकांच्या पिढ्यान् पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यानंतर अर्ध्या शतकाने, ९ ऑगस्ट २०२४ रोजी, कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवरील एक शिकाऊ डॉक्टर परिसंवाद कक्षात विश्रांतीसाठी गेली असता तिच्यावर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. दोषी ठरलेला इसम पोलिसांचा स्वयंसेवक होता. रुग्णालयात त्याचे येणे-जाणे मोकळे होते. या दोन्ही प्रसंगी प्रवेशद्वारावर कितीही कडक तपासणी असती, तरी ती निरुपयोगी ठरली असती, कारण धोका बाहेरून आलाच नव्हता. येथे गरज होती ती एकांत जागी उजेडाची, आतून लागणाऱ्या कडीची आणि हाताशी असलेल्या घंटेची.

दुसरा प्रकार जमावाचा. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्या एका रुग्णाला मेंदूशल्यतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी हलवावे, असे तेथील अस्थिरोग विभागाच्या निवासी डॉक्टरने सांगितले. नातेवाइकांनी त्याला असे मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले आणि शासकीय रुग्णालयांत महाराष्ट्र सुरक्षा दलाचे रक्षक आले.

तिसरा प्रकार स्वतः रुग्णाचा. केरळातील कोट्टारक्करा येथे १० मे २०२३ च्या पहाटे पोलिसांनी उपचारासाठी आणलेल्या एका माणसाने मलमपट्टीच्या टेबलावरील कात्री उचलली आणि २३ वर्षांच्या डॉक्टर वंदना दास यांना भोसकून ठार केले. पोलीस तेथेच होते. शस्त्र रुग्णालयाचेच होते. दारू, नशा, मनोविकार किंवा तापातील भ्रम यांमुळे भान हरपलेल्या रुग्णाला कायद्याचा धाकही नसतो आणि कॅमेऱ्याचाही नसतो.

कॅमेऱ्याचे नाव निघालेच आहे तर त्याचाच विचार आधी करू, कारण विश्वस्तांच्या सभेत सर्वांत प्रथम तोच मंजूर होतो. सीसीटीव्ही हल्ला थांबवत नाही. तो हल्ल्याची साक्ष देतो. कोलकात्याच्या प्रकरणात आरोपीपर्यंत पोहोचण्यास चित्रीकरणाचा आणि घटनास्थळी सापडलेल्या ब्लूटूथ इअरफोनचा उपयोग झाला, हे खरे. पण तोवर एक जीव गेला होता. तरीही साक्षीचे मोल कमी लेखू नये. ‘महाराष्ट्र वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि वैद्यकीय सेवा संस्था’ यांच्या संरक्षणाचा २०१० चा कायदा हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवतो; तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. कोलकात्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या यंत्रणेने असाही आदेश काढला की, कर्तव्यावरील कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास संस्थेच्या प्रमुखाने सहा तासांच्या आत गुन्हा नोंदवावा. तक्रार त्या मार खाल्लेल्या मुलाने एकट्याने पोलीस ठाण्यात जाऊन द्यावयाची नसून संस्थेने द्यावयाची आहे, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. मात्र अशा वेळी चित्रीकरण हाती असावे लागते. साठवणीची पेटी भरली की यंत्र जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप चढवते. घटना घडताच त्या तासाचे चित्रण वेगळे काढून कुलूपबंद ठेवण्याचे काम एका नेमलेल्या माणसाकडे नसेल, तर खटला उभा राहीपर्यंत पडद्यावर काहीच उरत नाही.

याच कायद्यातील एका तरतुदीकडे हिशेबनीसाच्या नजरेने पाहावयास हवे. तोडफोड करणाऱ्याकडून नुकसान झालेल्या वैद्यकीय उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई न्यायालय देववू शकते. खरेदी किमतीच्या. आपल्या रुग्णालयांतील कितीतरी यंत्रे देणगी म्हणून आलेली असतात. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी भिंतीवर असते, परंतु यंत्राचे बीजक देणगीदाराच्या पेढीतील फायलीतच राहून जाते, आणि रुग्णालयाच्या मालमत्ता नोंदवहीत त्या रकान्यात ‘देणगी’ एवढाच शब्द लिहिलेला असतो. दुप्पट करावयाची ती कशाची? यंत्र देताना बीजकाची प्रत सोबत द्यावी, यास एक रुपयाही खर्च नाही.

आता घंटेकडे येतो. अमेरिकेतील मिसुरी राज्यात ब्रॅन्सन नावाचे पर्यटकांचे गाव आहे. तेथील कॉक्स रुग्णालयात २०१९ साली कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांच्या ४० नोंदी होत्या, त्या महासाथीच्या २०२० सालात १२३ झाल्या. जखमी होण्याच्या घटना १७ वरून ७८ वर गेल्या. तेव्हा व्यवस्थापनाने सुमारे ४०० कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रालाच एक कळ जोडण्याचे ठरवले. कळ दाबली की सुरक्षा विभागाला आणि जवळच्या सहकाऱ्यांना कळते की अमुक व्यक्ती अमुक खोलीत अडचणीत आहे. ती खोली कशी कळते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या मोबाइलमधील जीपीएस उपग्रहांच्या संदेशावर चालते. हा संदेश इतका क्षीण असतो की काँक्रीटच्या चार स्लॅबखाली त्याचा भरवसा राहत नाही, आणि राहिला तरी तो मजला नेमका सांगत नाही. म्हणून छतावर आणि भिंतींवर ठिकठिकाणी लहान ग्राहक यंत्रे बसवतात. ओळखपत्र सतत मंद रेडिओ संदेश सोडत असते आणि ज्या ग्राहकाला तो सर्वांत स्पष्ट ऐकू येतो, त्या ठिकाणी ती व्यक्ती आहे असे यंत्रणा मानते. ग्राहक जितके दाट, तितका पत्ता अचूक, आणि तितके बिलही मोठे.

पन्नास खाटांच्या रुग्णालयाला हे परवडणार नाही. परंतु त्याला त्याची गरजही नाही. परिचारिकेच्या टेबलाखाली, अपघात विभागात, बिलाच्या खिडकीशी आणि डॉक्टरांच्या विश्रांती कक्षात एकेक तारेची कळ, आणि रक्षकाच्या खोलीत खोलीचा क्रमांक दाखवणारा दिव्यांचा फलक; साधा इलेक्ट्रिशियन हे काम करून देतो. शिवाय १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटकाळची सोय असणे नियमाने बंधनकारक आहे: साध्या फोनवर ५ किंवा ९ हा अंक दाबून धरावयाचा, स्मार्टफोनची चालू-बंद करण्याची कळ झटपट तीनदा दाबावयाची. किती घरांतील डॉक्टर मुलींना हे ठाऊक आहे, याची विचारणा आजच जेवणाच्या टेबलावर करून पाहावी. तळघरात आणि शिशाचे अस्तर लावलेल्या क्ष-किरण खोलीत फोनला संपर्क मिळत नाही, हेही त्याच वेळी सांगावे. तेथे तारेचीच कळ हवी.

पण कळ दाबल्यावर कोण येणार? येथे बहुतेक दरपत्रके गप्प असतात. घंटा ऐकून धावणारा माणूस मध्यरात्री बाहेरच्या फाटकावर खुर्ची टाकून बसलेला, साठीचा, दुसऱ्या नोकरीवरून थकून आलेला कंत्राटी रक्षक असेल, तर घंटेने केवळ त्याची झोप मोडेल. किती मिनिटांत कोण पोहोचले, याची चाचणी दर आठवड्याला, आणि विशेषतः रात्री, झाली पाहिजे. तिची वही असली पाहिजे. बँकेतील आमच्या वहीला तरुण कर्मचारी हसत असत. परंतु भोंग्याची बॅटरी उतरलेली आहे, हे दरोड्याच्या दिवशी कळण्यापेक्षा सोमवारी सकाळी साडेदहाला कळलेले बरे, एवढाच त्या वहीचा अर्थ होता.

प्रवेशद्वाराविषयी अमेरिकेतील दोन जुनी उदाहरणे तेथील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेली आहेत. डेट्रॉइटच्या एका रुग्णालयाने दारात धातुशोधक बसवला, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत ३३ पिस्तुले, १,३२४ चाकू आणि डोळ्यांत मारावयाचे ९७ फवारे अडवले गेले. आपल्याकडे पिस्तुलांचा प्रश्न तितका नाही, म्हणून मला न्यूयॉर्कचे उदाहरण अधिक उपयोगी वाटते. तेथील एका रुग्णालयाने भेटीला येणाऱ्यांस रंगांचे पास दिले; ज्या रंगाचा पास, त्याच मजल्यावर प्रवेश, आणि एका वेळी एका रुग्णापाशी दोनच माणसे. अठरा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांच्या नोंदी ६५ टक्क्यांनी घटल्या. तंत्रज्ञान म्हणावे तर रंगीत पुठ्ठा!

महाराष्ट्रातही धुळ्याच्या घटनेनंतर शासकीय रुग्णालयांत दोन नातेवाइकांच्या पासची पद्धत आली. ती टिकवणे मात्र अवघड जाते, आणि याबाबत केवळ खेड्यातून जीप भरून येणाऱ्या मंडळींकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. आपल्या घरातील वडीलधारे माणूस अतिदक्षता विभागात असले की काय होते? काका, मामा, व्याही, शेजारचे दुकानदार, सर्वजण येतात. न आल्यास वर्षानुवर्षे बोलून दाखवले जाते. रक्षकाने अडवले तर आपल्यातील कोणी तरी विश्वस्तांना फोन लावतो, कोणी नगरसेवकाला. रक्षकाला वरून ‘सोडून दे’ असे सांगितले जाते. त्या क्षणी पासची पद्धत संपते, कारण पुढच्या अर्ध्या तासात दुसऱ्या रुग्णाचे दहाजण त्याला विचारतात की, त्यांना का सोडले? नियम मोडण्याचा पहिला मान नेहमी ओळखीच्या माणसाचा असतो, हे बँकेच्या काउंटरवर बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

ओरेगन राज्यातील पोर्टलंडच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाने वेगळाच मार्ग धरला. ज्या रुग्णांनी पूर्वी हल्ला केला होता, त्यांच्या संगणकीय नोंदीवर एक खूण ठेवली. असा रुग्ण पुन्हा आला की खूण पडद्यावर दिसे आणि कर्मचारी सोबतीला माणूस घेऊन, कात्री-सुया दूर ठेवून त्याला तपासत. सर्व प्रकारचे हल्ले ९१.६ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. आकडा थक्क करणारा आहे, पण हे साधन हातात घेताना माझे मन थोडे कचरते. थकबाकीदारांच्या याद्या मी हाताळल्या आहेत. एकदा नाव चढले की ते उतरवण्याची घाई कोणालाच नसते. तापाच्या भ्रमात ज्याने हात उगारला, त्याच्या नावापुढे जन्मभर ती खूण राहू नये. ठरावीक मुदतीने वरिष्ठ डॉक्टरांनी तिचा फेरविचार करावा, आणि खूण आहे म्हणून उपचार नाकारले जाऊ नयेत. खूण सावधगिरीसाठी असावी. या अटी लेखी नसतील, तर ही व्यवस्था न केलेली बरी.

अलीकडे चेहऱ्यावरील राग ओळखणारे कॅमेरे विकावयास येतात. अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दुसरे काय असणार? यावर पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दाराच्या विद्युत कुलुपांचे तसे नाही. अतिदक्षता व प्रसूती विभागांना ती हवीतच. फक्त वीज गेली किंवा आगीची सूचना वाजली की ती आपोआप उघडलीच पाहिजेत. भंडारा येथे ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात शिशू विभागाच्या आगीत दहा बालके गेली. त्यानंतर हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

येथवर जे लिहिले, ते हात उगारला जाण्याच्या क्षणापाशी थांबते. त्याआधीचे तीन-चार तास नातेवाईक काय करीत असतात? वाट पाहत असतात, आणि त्यांना काहीच माहीत नसते. इंग्लंडच्या डिझाइन कौन्सिलने साउथॅम्प्टन आणि लंडन येथील रुग्णालयांच्या अपघात विभागांत नेमका यावर उपाय योजला. भिंतींवर मोठ्या, सोप्या फलकांनी सांगितले: आपण आता या टप्प्यावर आहात, पुढे तपासणी, मग उपचार, जो अधिक गंभीर, तो आधी घेतला जातो, मग तो नंतर आलेला का असेना. पडद्यावर गर्दी किती आहे, हे दिसत राहिले. धमकावणारे हावभाव आणि आक्रमक वर्तन निम्म्याने घटले, आणि खर्च केलेल्या प्रत्येक पौंडामागे तीन पौंडांचा लाभ झाला असे मूल्यमापनात आढळले. हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. बँकांत टोकनाचा क्रमांक दाखवणारा पडदा आला, तेव्हा रांगेची लांबी कमी झाली नाही; काउंटरवरची भांडणे मात्र कमी झाली.

खाजगी रुग्णालयात याच्या जोडीला बिल असते. पाचव्या दिवशी रुग्ण दगावतो आणि त्याच तासाला अडीच लाखांचा कागद हाती पडतो. पहिल्या दिवशी कोणी अंदाज सांगितलेला नसतो. नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. त्यापुढे जाऊन, रोज सायंकाळी सहा वाजता त्या दिवसापर्यंतचे बिल एका ठरलेल्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवण्यास किती खर्च येईल? बिल संगणकात असतेच. फक्त संदेशाची सोय जोडावयाची. दुकानातील उधारीचा उतारा ग्राहकाला वेळेवर पाठवणाऱ्या पेढीत वसुलीचे तंटे कमी होतात, हे वाचकांना मी काय सांगावे.

एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्तांनी मध्यंतरी तीन पुरवठादारांची दरपत्रके माझ्याकडे पाहावयास दिली होती. तिन्हींत कॅमेरे होते. एकात चौसष्ट, एकात शंभरावर. घंटा एकातही नव्हती, वाहनतळापासून परिचारिकांच्या वसतिगृहापर्यंतच्या अंधाऱ्या वाटेवर दिवे कोणी सुचवले नव्हते. कॅमेरे चोवीसवर आणून उरलेल्या रकमेत कळा, दिवे, विश्रांती कक्षांच्या कड्या आणि प्रतीक्षा कक्षातील एक पडदा बसवावा, असे मी लिहून दिले, आणि ते मान्य झाले. सोबत आणखी एक सूचना होती: रात्री आठ ते सकाळी आठ नातेवाइकांशी बोलण्यासाठी, डॉक्टर काय म्हणतात ते त्यांच्या भाषेत सांगण्यासाठी, एक जाणता माणूस पगारी नेमावा. तिच्यावर बरीच चर्चा झाली. यंत्राला देणगीदार मिळतो. दरमहा द्यावयाच्या पगारासाठी मिळत नाही, आणि मिळाला तरी पाटी कोठे लावणार, असा प्रश्न एका सभासदांनी अगदी मनापासून विचारला. ठेवींच्या व्याजातून ही तरतूद बसते की नाही, याचा तक्ता त्यांनी मागितला आहे. तो करून देत आहे.